झिगबी गेटवे वर्षभर वापरल्यानंतर: टाकीचा सेन्सर, सिग्नल आणि फूटभर वायर

गेल्या महिन्यात गच्चीवरची टाकी पुन्हा वाहिली आणि कस्टमर केअरशी फोनवर चांगलीच जुंपली, म्हणून सविस्तर लिहितोय. आमचं नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ रो-हाऊस आहे. नळाचं पाणी खालच्या टाकीत पडतं, मोटर ते वर चढवते. मोटरचा स्विच, टाकीच्या झाकणातला लेव्हल सेन्सर, गीझर आणि जिन्यातले दिवे या गेटवेवर आहेत. गेटवे म्हणजे झिगबी या बिनतारी पद्धतीनं घरातल्या अशा वस्तूंना ॲपशी जोडणारी डबी. ॲपबद्दल इथे भरपूर लिहून झालंय, मी सिग्नलबद्दलच बोलतो.

टाकी अर्धी असेपर्यंत सेन्सर बरोबर आकडा दाखवायचा आणि भरत आली की ऑफलाइन जायचा. म्हणजे मोटर बंद करायची वेळ झाली की निरोपच येत नाही. यावर कस्टमर केअरचं उत्तर काय, तर 'सर, इंटरनेटचा प्लॅन वाढवून घ्या.' अहो, सेन्सर इंटरनेटवर बोलतच नाही, घरातल्या घरात गेटवेशी बोलतो! प्लॅन दुप्पट केला तरी गच्चीवर काय फरक पडणार? दर महिन्याला लोकांच्या खिशात हात घालायला लावणारा हा सल्ला अजूनही देतात, याचा मला मनापासून राग आहे. शेवटी त्यांनी गेटवे बदलून दिला. तरी तेच.

तेव्हा मी एक स्टार दिला होता. आता तीन करतोय, कारण यंत्र चांगलं आहे. घोळ खोक्यातल्या वायरीचा आहे. यूएसबी वायर जेमतेम फूटभर, ॲडॉप्टर नाहीच, आणि माहितीपत्रकात चित्र काढून दाखवलंय की राउटरच्या यूएसबी पोर्टला लावा. म्हणजे गेटवे राउटरला चिकटूनच बसणार. वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर, झिगबी त्याच पट्ट्यात. वर आमच्या राउटरला यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क. तिचा गोंगाटही याच पट्ट्यात येतो, इंटेलनं २०१२ मध्येच हे मोजून मांडलं होतं. झिगबीचा सिग्नल मुळात क्षीण. ढोल-ताशाच्या पथकात उभं राहून फोनवर बोलावं, तशी त्याची गत. ज्यांनी हे यंत्र बनवलं त्यांना हे ठाऊक नसेल असं मी मानत नाही. वायरीत चार पैसे वाचवले आणि चांगल्या वस्तूचं नाव घालवलं.

एम. जी. रोडवरून दोन मीटरची वायर आणि साधा चार्जर आणला, तीनशेच्या आत काम झालं. गेटवे हॉलमधून काढून जिन्याच्या वळणावर लावला. स्लॅबमधल्या सळया सिग्नल अडवतात, जिन्याची पोकळी मोकळी असते. त्याच संध्याकाळी वरचे दिवे एका टॅपमध्ये लागायला लागले. दोघांचे सिग्नल एकमेकांवर येऊ नयेत म्हणून राउटरचा चॅनेल (पट्ट्यातली जागा) ऑटोवरून काढून १ वर आणि रुंदी २० मेगाहर्ट्झवर ठेवली, झिगबीचा चॅनेल २५ वर नेला. हे करायचं तर सुरुवातीलाच करा. आमच्याकडे बॅटरीवाल्या सगळ्या वस्तू पुन्हा पेअर कराव्या, म्हणजे गेटवेशी नव्यानं जोडाव्या लागल्या.

टाकी मात्र तेवढ्यानं सुधरली नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं. सेन्सर झाकणात, गेटवे खाली, मधे काठोकाठ पाणी. म्हणून भरली की ऑफलाइन! उपाय असा केला की गच्चीच्या जिन्याच्या खोलीत झिगबी प्लग बसवला. विजेवर चालणारे प्लग निरोप पुढे पोचवतात, बॅटरीवाले सेन्सर पोचवत नाहीत. सेन्सर मात्र जुन्याच वाटेला चिकटून राहतो, त्यामुळे प्लगजवळ नेऊन पुन्हा पेअर केला. आता निरोप आडवा प्लगकडे जातो आणि तिथून जिन्यातून खाली.

याच कारणासाठी नो-न्यूट्रल (न्यूट्रल वायरीशिवाय चालणारे) स्विच घेऊ नका. ते बहुतेक सिग्नल पुढे देत नाहीत. आपल्याकडे बोर्डात प्लग पॉइंट असला की न्यूट्रल असतोच, वायरमनला बोर्ड उघडून बघायला सांगा.

मग गेल्या महिन्यात काय झालं? वॉटरप्रूफिंगवाल्यांनी तो प्लग काढून तिथे ग्राइंडर लावला आणि जाताना परत लावला नाही. सेन्सर दिवसभर गप्प, पण ॲपनं साधं नोटिफिकेशनही दिलं नाही, शेवटचा जुना आकडाच दाखवत राहिलं. ही चूक मी माफ करणार नाही. फोन केला तर पुन्हा प्लॅन वाढवा! आता वायरमनकडून टाकीत फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगणारा) बसवून घेतलाय, टाकी भरली की तो मोटर स्वतः बंद करतो, सिग्नल असो वा नसो. सेन्सर फक्त पाणी किती आहे ते बघायला ठेवलाय.

हल्ली घेतलेल्यांपैकी कुणाच्या खोक्यात लांब वायर निघाली असेल तर खाली लिहा, चौथा स्टार लगेच देतो.