इकोव्हिलेजमध्ये राहायला जावे की गावात स्वतःची जमीन घ्यावी?

शहरातली नोकरी सोडून एखाद्या लहान वसाहतीत राहायला जावे, रसायनांवाचून शेती करावी आणि कस गेलेली जमीन पुन्हा जिवंत करण्यात पुढची वर्षे घालवावीत, असा गंभीरपणे विचार करणारी बरीच मराठी कुटुंबे आता भेटतात. त्यांच्यापुढे मुख्यतः दोन वाटा असतात. आधीपासून वसलेल्या इकोव्हिलेजमध्ये, म्हणजे समविचारी लोकांनी निसर्गाला धरून उभारलेल्या सामूहिक वसाहतीत, सामील व्हायचे, किंवा गावात स्वतःच्या नावावर दोन-चार एकर घेऊन गावकऱ्यांमध्ये गावकरी होऊन राहायचे. चार मित्रांनी मिळून जमीन घेण्याची तिसरी वाट या दोहोंच्या मधून जाते. पहिल्या प्रकारच्या एका वसाहतीत मी सात महिने राहिलो आणि गेली नऊ वर्षे रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील एका गावात दुसऱ्या प्रकारे राहत आहे. या अनुभवावरून माझे असे ठाम मत झाले आहे की, जमीन कोणाच्या नावावर आहे आणि तिच्याविषयी शेवटचा शब्द कोणाचा, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. माती सावरायला आठ-दहा वर्षे लागतात, आणि तितकी वर्षे तुम्ही एका जागी टिकाल की नाही हे बहुतांशी याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

वसलेल्या समूहाचे सर्वांत मोठे उदाहरण पुदुच्चेरीजवळचे ऑरोव्हिल आहे. २८ फेब्रुवारी १९६८ रोजी त्याची पायाभरणी झाली तेव्हा तेथे लाल, उघडाबोडका माळ होता आणि पावसाने त्यात खोल घळी पाडल्या होत्या. पहिल्या रहिवाशांनी बांध घातले, पाणी अडवले, ऑस्ट्रेलियन अकेशियासारखी कणखर झाडे आधी लावून सावली धरली आणि तिच्या आडोशाने त्या किनारपट्टीचे मूळचे शुष्क सदाहरित जंगल हळूहळू परत आणले. त्याच परिसरात २००३ साली सुरू झालेल्या साधना फॉरेस्ट या वसाहतीने सुमारे सत्तर एकरांवर हेच काम स्वयंसेवकांच्या बळावर केले. उजाड जमीन माणसाच्या हातांनी सावरता येते याचा याहून स्पष्ट पुरावा मी पाहिलेला नाही, आणि ज्याला हे काम मनापासून शिकायचे आहे त्याने तेथे काही महिने राहावेच.

मात्र ऑरोव्हिलमध्ये जमीन कोणा रहिवाशाच्या मालकीची नसते. संसदेने १९८८ साली केलेल्या कायद्यानुसार तेथील मालमत्ता ऑरोव्हिल प्रतिष्ठान (ऑरोव्हिल फाउंडेशन) या संस्थेकडे आहे. तुम्ही स्वतःचे पैसे घालून घर बांधले तरी ते तुमचे होत नाही, आणि सोडून जाताना ते बाजारभावाने विकता येत नाही. याचा फायदा खरोखर मोठा आहे: आयुष्यभराची पुंजी जमिनीत अडकत नाही, भाऊबंदकीचे दावे लागत नाहीत आणि जमीन पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन तुकड्या-तुकड्यांत संपत नाही. तोटा मात्र डिसेंबर २०२१ मध्ये सर्वांसमोर आला. नगररचनेच्या आराखड्यातील वर्तुळाकार रस्त्यासाठी झाडे तोडायला यंत्रे आली, अनेक रहिवासी आडवे झाले, प्रकरण हरित लवादाकडे गेले आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये काम रोखणारा लवादाचा आदेश रद्द केला. त्या वादात कोणाची बाजू योग्य होती याचा निवाडा मी येथे करत नाही. आपण लावलेल्या झाडाचे पुढे काय व्हायचे हे आपल्या हातात राहणार नाही, एवढे मान्य असेल तरच ही वाट धरावी.

दुसऱ्या वाटेवर हा प्रश्न उलट्या बाजूने समोर येतो. महाराष्ट्रात कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या (१९४८) कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणून जाहिरात पाहून जमीन बघायला निघण्यापूर्वी आपल्या घरातील कागद बाहेर काढावेत. मुंबई-पुण्यातील कितीतरी कुटुंबांचे आजोबा-पणजोबांच्या गावच्या सामाईक सातबाऱ्यावर नाव असते किंवा वारसनोंद करून ते लागू शकते, आणि तेवढ्यावर शेतकरी असल्याचा दाखला मिळतो. माझा आग्रहाचा सल्ला असा आहे की, अशी वडिलोपार्जित जमीन पडीक असेल तर नवी घेण्याच्या आधी भावकीशी बोलून तिच्यातलाच एक तुकडा कसायला मागावा. चुलत्यांना 'काका, विकायचं नाही, फक्त कसायचं आहे' हे समजावण्यात एक वर्ष गेले तरी ते वाया जात नाही, कारण तेथे तुम्हाला ओळखणारी माणसे आधीपासून असतात.

नवी जमीन घ्यायचीच असेल तर सातबाऱ्यावरील 'इतर हक्क' हा रकाना शब्द न शब्द वाचावा. कुळाची नोंद, बँकेचा बोजा आणि न मिटलेले फेरफार तेथे दिसतात. जमीन भोगवटादार वर्ग-२ची, म्हणजे सरकारी परवानगीवाचून विकता न येणारी, आहे का हे त्याच सातबाऱ्यावर भूधारणा पद्धतीच्या नोंदीत पाहावे. पालघर, रायगड आणि नाशिकच्या डोंगरपट्ट्यात आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीच्या नावावर करण्यास जमीन महसूल संहितेने कडक बंधन घातले आहे, आणि ते बंधन योग्यच आहे. तेथे कोणी 'मागच्या दाराने करून देतो' म्हणाला तर तेथून उठावे. पाच-दहा गुंठ्यांचे तुकडे 'इकोव्हिलेज' या नावाने विकणाऱ्यांपासूनही सावध राहावे. १९४७ सालच्या तुकडेबंदी कायद्यामुळे असे तुकडे स्वतंत्र सातबाऱ्यावर चढवताना अडचणी येतात. शिवाय दहा गुंठ्यांत घर, विहीर आणि अंगण वजा केल्यावर सावरायला माती उरत नाही.

मित्रांनी मिळून घेतलेल्या जमिनीचे चांगले उदाहरण नेरळजवळचे वनवाडी आहे. १९९४ साली समविचारी मंडळींनी एकत्र पैसे घालून डोंगराच्या पायथ्याची साठेक एकर जमीन घेतली आणि बहुतेक भाग जंगलाला परत वाढू दिला. अशा रचनेत पहिली दोन वर्षे उत्साहात जातात आणि मग कोणाची बदली होते, कोणाचे आईवडील आजारी पडतात, कोणाला पैसे परत हवे असतात. बाहेर पडणाऱ्याला त्याचा वाटा किती, केव्हा आणि कोणत्या हिशेबाने मिळेल हे पहिल्याच दिवशी स्टँपपेपरवर लिहिलेले नसेल, तर मैत्री आणि जमीन दोन्ही जातात. ही वाट मला सर्वांत आकर्षक वाटते आणि सर्वांत अवघडही.

आता प्रत्यक्ष शेतीकडे येऊ. ऑरोव्हिलच्या परिसरात मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये परतीच्या वाऱ्यांबरोबर येतो, त्यामुळे मृग नक्षत्रापासून दिवस मोजायची आपली सवय तेथे उपयोगी पडत नाही. कर्जतकडे तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. याचा अर्थ एका एकरावर चार महिन्यांत सुमारे १ कोटी २० लाख लिटर पाणी कोसळते, आणि तरीही एप्रिलमध्ये वाडीवरच्या बाया हंडे घेऊन लांब चालत जातात. म्हणून आमच्याकडे माती सावरण्याचे निम्मे काम पाणी अडवण्याचे आहे. उताराला समतल चर खणणे, बांधावर हिरवळीच्या खतासाठी गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावणे आणि जमीन एक दिवसही उघडी न ठेवणे ही ती कामे.

भाताच्या बाबतीत नेरळमध्येच चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेले सगुणा राइस तंत्र आमच्या उपयोगी पडले. त्यात गादीवाफे, म्हणजे मातीचे उंच वाफे, एकदाच करायचे, चिखलणी आणि लावणी दोन्ही टाळायच्या आणि कापणीनंतर भाताची मुळे जमिनीतच कुजू द्यायची असतात. आमच्या गावात उन्हाळ्यात डोंगरातल्या फांद्या आणि गवत आणून भाताच्या रोपाच्या जागेवर जाळण्याची, म्हणजे राब भाजण्याची, पद्धत आहे. आम्ही राब भाजणे सोडले तेव्हा शेजारचे काका बांधावर उभे राहून म्हणाले, 'भाजल्याशिवाय रोप येईल का?' पहिल्या वर्षी तण इतके माजले की ते खरे ठरतात असे वाटले. चौथ्या पावसाळ्यात मी त्यांना वाफ्याच्या कडेला बसवून मूठभर माती हातात दिली. ती चिकट गोळा न होता कण सुटून पडत होती, मागच्या वर्षीच्या मुळांची बारीक काळसर जाळी तिच्यात दिसत होती आणि गांडुळाने केलेली बोटाएवढी वाट तुटलेल्या ढेकळात मोकळी झाली होती. काकांनी ती माती नाकाशी नेऊन वास घेतला आणि पुढच्या वर्षी एका वाफ्यापुरते करून पाहतो म्हणाले. इकोव्हिलेजच्या कुंपणाआड हा संवाद झाला नसता, आणि माझ्या दृष्टीने दुसऱ्या वाटेच्या बाजूने हा सर्वांत मोठा मुद्दा आहे.

श्रमाचा हिशेब मात्र पहिल्या वाटेच्या बाजूने जातो. समूहात कामाची पाळी लागते, स्वयंसेवक येत-जात राहतात, स्वयंपाक एकत्र होतो आणि आजारी पडलात तर शेत थांबत नाही. गावात स्वतःच्या शेतावर हंगामात मजूर मिळवणे ही सर्वांत कठीण गोष्ट असते. सावड करून, म्हणजे आज तुमच्या शेतात आणि उद्या त्यांच्या शेतात, हे काम निभते, पण सावडीत घेतले जाण्यासाठी तुम्ही आधी दोन-तीन वर्षे लोकांच्या लग्नाकार्यात, उत्सवात आणि मयतीला उभे राहिलेले असावे लागता. समूहात हे नाते पहिल्याच आठवड्यात तयार मिळते, पण त्याची किंमत बैठकांमध्ये चुकवावी लागते. मी राहिलो त्या वसाहतीत कोरड्या संडासासाठी लाकडाचा भुसा कोणी आणायचा यावर सलग तीन संध्याकाळी चर्चा झाली. ज्याला सर्वसहमतीची संथ गती सोसत नाही त्याने ही गोष्ट हलक्यात घेऊ नये.

पैशाविषयी थोडेच सांगतो. समूहात सुरुवातीची मोठी रक्कम लागत नाही, पण नवागताच्या काळातील खर्च बहुधा स्वतःच सोसावा लागतो आणि नंतरचे मानधन बेताचे असते. स्वतःच्या जमिनीवर विहीर, घर आणि रानडुकरांपासून राखणारे कुंपण यांत पहिल्या दोन वर्षांतच बचत संपते, म्हणून निदान पाच वर्षांचा घरखर्च शेतीबाहेरून येईल अशी सोय हवी.

मुले असतील तर शाळा आणि दवाखाना ही पाहणी आधी करावी. ऑरोव्हिलला स्वतःच्या शाळा आहेत आणि पुदुच्चेरीचे मोठे सरकारी रुग्णालय जवळ आहे. आमच्याकडे फुरसे आणि घोणस शेतात असतात. सर्पदंशावरचे प्रतिविष कोणत्या रुग्णालयात हमखास मिळते आणि रात्री तेथे पोहोचायला किती वेळ लागतो हे मी घर बांधण्याच्या आधी स्वतः जाऊन तपासले होते.

आणखी एक गाव या तुलनेत आणले पाहिजे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने इकोव्हिलेज हा शब्द न वापरता पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने १९९० च्या आसपासपासून कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान केले, शेतीसाठी बोअरवेल घ्यायला बंदी केली आणि पाण्याचा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेत मांडून त्यानुसार पिके ठरवली. तेथे बाहेरच्या माणसाला जमीन विकायची नाही असाही गावाचा निर्णय आहे, त्यामुळे तुम्ही तेथे राहायला जाऊ शकत नाही. मात्र जेथे जमीन पाहाल तेथील ग्रामसभेला एकदा बसून यावे आणि पाणी व चराई यांवर गाव काही ठरवते का, हे ऐकावे. तुमच्या चार एकरांत तुम्ही पाणी मुरवाल आणि शेजारी पाचशे फूट खोल बोअर मारेल, तर तुमच्या चरांचा उपयोग त्याच्या मोटारीला होईल.

एकट्या माणसाने किंवा मुले मोठी झालेल्या जोडप्याने, शिकण्याची आणि समूहात राहण्याची मनापासून ओढ असेल तर, वसलेल्या समूहाकडे जावे. ज्यांचे गावाशी थोडेही नाते शिल्लक आहे आणि ज्यांना मुलांसाठी मागे काही ठेवायचे आहे त्यांनी स्वतःची लहान जमीन घ्यावी, आणि मित्रांची वाट दहा वर्षांहून जुनी मैत्री असेल तरच धरावी. कोणतीही वाट निवडली तरी पैसे देण्यापूर्वी त्या जागी दोनदा राहावे: एकदा मेच्या अखेरीस, विहिरीत दोर किती खाली जातो हे पाहण्यासाठी, आणि एकदा जुलैच्या मध्यावर, चार दिवस वीज नसताना, कपडे वाळत नसताना आणि ओढ्याला पूर येऊन रस्ता बंद असताना.