दुकानातलं कूपनचं वायफाय: काही महिने चालवून बघितल्यावर

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटी भागात आमचं किराणा दुकान आहे. गणपतीच्या आधी तिथं पीएम-वाणीचं वायफाय बसवलं. आता काजूला मोहोर आलाय.

दुकानादुकानांतून सार्वजनिक वायफाय देण्याची केंद्राची ही योजना डिसेंबर २०२० ची. दुकानदाराला परवाना लागत नाही, सरकारी फी नाही. फायबरची लाईन घ्यायची, अ‍ॅग्रीगेटर कंपनीशी (गिऱ्हाइकांची नोंदणी आणि हिशोब ती सांभाळते) जोडून घ्यायचं आणि कूपन विकायची. पूर्वी लाईनीचा दर ऐकूनच माणूस मागं फिरायचा. जून २०२५ मध्ये ट्रायनं (दूरसंचार नियामक) २०० एमबीपीएसपर्यंतच्या प्लॅनला घरगुती दराच्या दुपटीची कमाल मर्यादा घातली, मग मी धाडस केलं.

स्पीडबद्दल तक्रार नाही. डोकेदुखी ओटीपीची. पहिल्यांदा नोंदणी करायला मोबाईलवर ओटीपी यावा लागतो आणि गावात रेंज नाही म्हणून तर लोक वायफायला येतात! सुरुवातीला पोरं टेकाडावर जाऊन ओटीपी घ्यायची, धावत खाली येईपर्यंत त्याची मुदत संपलेली. आता सगळ्यांना सांगतो, खानापूरला बाजाराला जाल तेव्हा तिथंच अ‍ॅप घालून नोंदणी करून या.

दुसरं म्हणजे करंट. आमच्याकडं पावसात तो कधी जाईल नेम नाही. राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही १२ व्होल्टवर चालतात, म्हणून मोठा इन्व्हर्टर न घेता छोटा राउटर-यूपीएस घेतला. पैसे वसूल. पण झाडाची फांदी पडून केबलच तुटली तर यूपीएस काय करणार? दुरुस्तीचा माणूस येईपर्यंत कूपनवाल्यांची बोलणी मीच खाल्ली.

पोरं रील बघतात, ते असो. खरं गिऱ्हाईक म्हणजे गोव्याला कामाला गेलेल्या मुलाला व्हिडिओ कॉल करणाऱ्या मावश्या आणि राज्य सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २००० रुपये जमा झाले का बघायला येणाऱ्या बायका. महिन्याचा रिचार्ज त्यांना परवडत नाही, दिवसाचं कूपन परवडतं. भूमीच्या, म्हणजे कर्नाटकच्या जमीन नोंदींच्या, साइटवर उतारा बघणारेही असतात. तो कन्नडमध्ये, त्यामुळं वाचून दाखवायचं काम आमच्या शाळकरी पोरीकडं. फी म्हणून चॉकलेट घेते, तेही माझ्याच बरणीतलं.

कूपनमधून लाईनीचं बिल निघतं, त्यावर फारसं सुटत नाही. चहा-बिस्किटाचा खप मात्र वाढलाय. मातीच्या जाड भिंतीतून सिग्नल जात नाही, तेव्हा राउटर आत गल्ल्यापाशी न ठेवता पडवीत, पाणी लागणार नाही असा उंच लावा. गिऱ्हाइकांना बसायला बाकडंही तिथंच टाका.