तीन इंची बिनघडीचा चाकू: हापूसच्या बागेत आठ महिने वापरल्यावर

फेब्रुवारीत घेतलेला हा बिनघडीचा, म्हणजे पातं न मिटणारा चाकू तेव्हापासून रोज माझ्या कमरेला आहे. रत्नागिरीजवळ आमची हापूसची बाग आणि एक छोटी रोपवाटिका आहे. फळांचा हंगाम, रातांब्यांचे दिवस, सगळा पावसाळा आणि कलमं बांधण्याचे दोन महिने एवढं झाल्यावरच लिहायचं, असं ठरवलं होतं.

आधी मापं सांगतो. पातं ७८ मिमी लांब, पाठीशी २.२ मिमी जाड. पोलाद १२सी२७ जातीचं स्टेनलेस. म्यानासकट वजन ९५ ग्रॅम, किंमत १,९०० रुपये. पातं मुठीच्या शेवटपर्यंत एकसंध आहे.

कोकणातला माणूस लगेच विचारेल, कमरेच्या आकडीला कोयती असताना हे आणखी कशाला? फांदी तोडायला, नारळ सोलायला कोयतीच हवी, त्यात वाद नाही. पण दिवसभरात फांदीपेक्षा जास्त वेळा सुतळी कापावी लागते. खताच्या गोणीची शिवण उसवायची असते, ठिबकची १६ मिमीची नळी तोडायची असते, आंब्याच्या खोक्याची पट्टी कापायची असते, दुपारच्या भाकरीबरोबर कांदा चिरायचा असतो. इतकी वर्षं हे सगळं मी घडीच्या चाकूने केलं. त्याच्या सांध्यात आंब्याचा चीक आणि माती जाऊन बसायची. पावसात ओल्या हाताने तो उघडताना आणि मिटताना दोनदा बोट कापून घेतलं, तेव्हा घडीचा नाद सोडला.

त्यानंतरची पहिली निवड मात्र चुकली. गेल्या वर्षी साडेचार मिमी जाडीचा, डी२ पोलादाचा, काळ्या मुलाम्याचा एक चाकू ऑनलाइन मागवला. हातात घेतल्यावर भक्कम वाटायचा. धारही होती, हातावरचे केस सहज निघायचे. पण कैरीत पातं अर्ध्यावर गेलं की पुढे कापायच्या ऐवजी कैरी तडकायची. महिनाभर धारच लावत बसलो. शेवटी गावातल्या लोहारदादांकडे नेला. त्यांनी पाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ही सुरी नाही, छिन्नी आहे. धार चांगली आहे रे, पण धारेच्या मागचं लोखंड आत शिरू देत नाही."

पुढची सगळी निवड त्या एका वाक्यावर केली. आपण पोलादाचं नाव विचारतो, कडकपणाचा आकडा विचारतो, पण धारेच्या लगेच वर पातं किती जाड आहे हे विचारत नाही. कापण्याचा निम्म्याहून अधिक अनुभव तिथे ठरतो. स्वीडनमधल्या मोरा गावचे चाकू सुतारांपासून मासेमारांपर्यंत सगळे वापरतात आणि त्यातल्या बहुतेकांची पाती दोन-अडीच मिमीचीच असतात. माझ्या या चाकूची जाडी धारेपाशी अर्ध्या मिमीपेक्षा कमी आहे. तीच कैरी, तोच हात, आणि फोड कोयीपर्यंत सरळ उतरते. अशा पात्याने खोक्याचे खिळे उचकटायला जाऊ नये, टोक मोडेल. त्यासाठी पक्कड आहे.

पोलादाबद्दल थोडंसं. डी२ मध्ये साधारण १.५ टक्के कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम असतं. पण त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बनशी जखडलेलं असतं, म्हणून गंज थोपवायला ते पुरत नाही. आमच्याकडे जुलैत त्या चाकूच्या धारेवर तांबडे ठिपके दिसले. १२सी२७ मध्ये कार्बन सुमारे ०.६ टक्के, क्रोमियम साडेतेरा टक्के. धार डी२ पेक्षा लवकर जाते, हे खरं आहे. एप्रिल-मे मध्ये रोज पुठ्ठा कापत होतो तेव्हा दर चार-पाच दिवसांनी धार लावावी लागली. पण ती १००० ग्रिटच्या (दगड किती बारीक याचा आकडा) दगडावर दहा मिनिटांत लागते, वर चामड्याच्या पट्ट्यावर पंधरा-वीस हात. डी२ ला यासाठी अख्खी संध्याकाळ जायची. ज्याला रोज वापरायचं आहे त्याने लवकर धार लागणारं पोलाद घ्यावं, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

रातांबे फोडताना साधं कार्बन पोलाद काही मिनिटांत काळं पडतं, आणि आईच्या जुन्या सुरीचा तो रंग मला आवडतोही. या पात्यावर आंबटाचा काही परिणाम झाला नाही. फणसाच्या वेळी मात्र नेहमीची रीत पाळावीच लागते, पात्याला आणि हाताला आधी खोबरेल तेल. आंब्याचा चीकही त्याच तेलाने निघतो. एक डाग कायमचा राहिला. युरियाची गोणी फोडून पातं न पुसता म्यानात घातलं आणि दोन दिवस विसरलो. पात्याच्या टाचेजवळ, म्हणजे मुठीला लागून, टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडला. स्टेनलेस म्हणजे गंजणारच नाही असं नाही.

आता म्यान. घेताना मी याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं आणि आठ महिन्यांत सगळ्यात जास्त विचार याचाच केला. घडीचा चाकू खिशात टाकला की झालं. बिनघडीचा चाकू म्यानाइतकाच चांगला. चामडं मला मनापासून आवडतं, पण कोकणच्या पावसात ते आठवड्यात बुरसतं आणि आत ओल धरून पातं खराब करतं. म्हणून कायडेक्सचं, म्हणजे कडक प्लास्टिकचं म्यान घेतलं. तळाला पाणी निघून जायला भोक आहे. पातं आत गेलं की खटकन आवाज येतो आणि मग ते जागचं हलत नाही.

निदान मे महिन्यापर्यंत हलत नव्हतं. म्यानाचे स्क्रू हळूहळू ढिले होत गेले ते मला कळलंच नाही. एका सकाळी वाफ्यावर वाकलो आणि चाकू गवतात पडला. दीड दिवस शोधत होतो. जिथे बायका-पोरं अनवाणी फिरतात तिथे उघडं पातं पडून आहे, या विचाराने रात्री झोप लागली नाही. सापडला तो मुठीला बांधलेल्या नारिंगी दोरीमुळे. त्यानंतर स्क्रू काढून, त्यांना पकड धरणारा द्रव लावून पुन्हा घट्ट केले. आता म्यानासकट चाकू उलटा धरून तीनदा झटकून बघतो, मगच कमरेला लावतो. तुम्ही घेतलात तर ही झटकायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, आणि दोरी भडक रंगाचीच बांधा.

म्यान पट्ट्यावर उभं लटकवलं तर बसताना मांडीला टोचतं. नाभीच्या थोडं डावीकडे आडवं लावलं तर वाकता येतं, मोटारसायकलवरही त्रास होत नाही. मूठ छोटी आहे, माझी करंगळी बाहेर राहते. कोरड्या हाताने चालतं, चिकाने माखलेल्या हाताने तीच दोरी करंगळीत अडकवावी लागते.

एक काम या चाकूला मी देत नाही, ते म्हणजे कलम. कोय कलमात, म्हणजे कोयीतून उगवलेल्या रोपावर हापूसची काडी बांधताना, काडीची पाचर सपाट, एका झटक्यात उतरलेली लागते. दोन्ही अंगांनी घासून धार काढलेलं पातं किंचित वळतं आणि काडी व रोप यांच्यात फट राहते. जुलैत हौसेने वीस कलमं याने बांधून पाहिली, काप मनासारखे आले नाहीत. एकाच अंगाने घासून धार काढलेला कलमाचा चाकू वेगळा आहे, तो वेगळाच राहील.

कायद्याचंही बघून घ्या. शस्त्र अधिनियम, १९५९ खालच्या २०१६ च्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, आणि घरगुती व शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघाला की सुरा-चाकू बाळगण्यावर बंदी येते, आणि असे आदेश सण-निवडणुकांच्या काळात वरचेवर निघतात. म्हणून हा चाकू बागेपुरता. बाजारात, एसटीत, मुंबईला जाताना तो घरी खुंटीला असतो.

गेल्या आठवड्यात याचा आकार पुठ्ठ्यावर काढून लोहारदादांना दिला. मूठ एका बोटाने लांब, पातं गाडीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचं, पण ठोकून दोन मिमीपर्यंत आणलेलं. पाणी देताना, म्हणजे तापवून एकदम थंड करताना, इतकं पातळ पातं वाकण्याची भीती आहे, म्हणून ते दोन नग बनवणार आहेत. दिवाळीनंतर मिळतील.