टीसी४४२७ए: ३.३ व्होल्टची स्क्वेअर वेव्ह १२ व्होल्टला न्यायची असेल तर

मायक्रोकंट्रोलरच्या पिनवर १ मेगाहर्ट्झची स्क्वेअर वेव्ह सहज मिळते. ती १२ व्होल्टची हवी असली की बरेच जण आधी ऑप-अँप (सिग्नल मोठा करणारी आयसी) उचलतात आणि तिथेच घोडं अडतं. टीएल०७२ या ऑप-अँपचा स्लू रेट, म्हणजे आउटपुट बदलण्याचा कमाल वेग, साधारण १३ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद. १२ व्होल्ट चढायलाच ०.९ मायक्रोसेकंद लागतात, आणि अर्ध्या सायकलमध्ये वेळ मिळतो फक्त ०.५. ऑसिलोस्कोपवर दिसते ती कमी उंचीची त्रिकोणी लाट. एलएम३५८ हा दुसरा ऑप-अँप तर याहून कितीतरी संथ.

या कामाला मायक्रोचिपची टीसी४४२७ए घ्यावी. आहे ती मॉसफेटचं (एका प्रकारच्या ट्रान्झिस्टरचं) गेट हलवणारी ड्रायव्हर आयसी, पण स्क्वेअर वेव्हला तेच तर हवं असतं: वर जाताना सप्लायला जोडणारा स्विच, खाली येताना ग्राउंडला. ८ पिन, दोन नॉन-इन्व्हर्टिंग (सिग्नल उलटा न करणारे) चॅनल, सप्लाय ४.५ ते १८ व्होल्ट, क्षणिक करंट १.५ अँपिअर. इनपुटला २.४ व्होल्ट पुरतात, त्यामुळे ३.३ व्होल्टची पिन थेट जोडता येते. १००० पिकोफॅरडच्या लोडवर कडा साधारण २५ नॅनोसेकंदांत चढते. नावातला शेवटचा ‘ए’ बघून घ्या. साध्या टीसी४४२७मध्ये चढतीचा आणि उतरतीचा विलंब सारखा नसतो, सुमारे २० नॅनोसेकंदांचा फरक पडतो. १ मेगाहर्ट्झला ड्यूटी सायकल (सायकलमधला ‘वर’ असण्याचा वाटा) दोन टक्के सरकते. ‘ए’मध्ये दोन्ही विलंब जुळवलेले आहेत.

एक २एन३९०४ ट्रान्झिस्टर आणि दोन रेझिस्टर हा स्वस्त पर्याय १०० किलोहर्ट्झपर्यंत चालतो. पुढे दोन अडचणी येतात. ट्रान्झिस्टर सॅच्युरेट (पूर्ण चालू) झाला की बेसमधला चार्ज निघायला शेकडो नॅनोसेकंद जाऊ शकतात. शिवाय वर खेचणारा असतो फक्त कलेक्टरचा रेझिस्टर: १ किलोओहम आणि ५० पिकोफॅरड धरले तरी चढती कडा ११० नॅनोसेकंदांची होते. बेसच्या रेझिस्टरवर ४७ ते १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि बेस-कलेक्टरमध्ये बॅट८५ शॉटकी डायोड टाकला, तर पहिली अडचण बरीच सुटते. दुसरी राहतेच.

आता जोडणी. पिन ६ सप्लाय, पिन ३ ग्राउंड, पिन २ इनपुट, पिन ७ आउटपुट. न वापरलेलं इनपुट, म्हणजे पिन ४, ग्राउंडला बांधा. ते मोकळं सोडलं तर दुसरा चॅनल वाटेल तसा हलतो आणि आयसी उगाच तापते. पिन ६ आणि ३ यांच्यात १ मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर, पाय जितके आखूड कापता येतील तितके कापून. यात हयगय नको. ५ सेंटिमीटर वायरचं इंडक्टन्स साधारण ५० नॅनोहेन्री. १.५ अँपिअर २० नॅनोसेकंदांत बदलला की त्या वायरीवरच पावणेचार व्होल्टचा धक्का बसतो. ‘आयसी बिघडलेली निघाली’ म्हणून ती बदलण्याआधी हे कपॅसिटर आणि ग्राउंडची वायर तपासावी. ब्रेडबोर्डवर तर हे हमखास घडतं. तांब्याचा अखंड ग्राउंड असलेला बोर्ड घ्या.

आउटपुटला किमान १० ते २२ ओहम सीरिजमध्ये टाका, रिंगिंग (कडेनंतरची थरथर) बसतं. ५० ओहमची कोअक्स केबल जोडायची तर ४३ ओहम. आयसीचे स्वतःचे सुमारे ७ ओहम धरून बेरीज जुळते. दुसरं टोक उघडं असेल तर तिथे पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. तिथेही ५० ओहम लावले तर ६, आणि दोन्ही रेझिस्टरांत प्रत्येकी ०.३ वॉटपेक्षा जास्त उष्णता. पाव वॉटचा रेझिस्टर इथे जळतो. १ वॉटचा मेटल फिल्म वापरा. वायरवाउंडचं इंडक्टन्स कडा खराब करतं.

तापण्याचा हिशेब सोपा: कपॅसिटन्स गुणिले व्होल्टचा वर्ग गुणिले फ्रिक्वेन्सी. १००० पिकोफॅरड, १२ व्होल्ट, १ मेगाहर्ट्झ म्हणजे ०.१४ वॉट, १८ व्होल्टला तेच ०.३२. डीआयपी (ब्रेडबोर्डवर बसणाऱ्या लांब पायांच्या) पॅकेजची मर्यादा ७० अंशांपर्यंत ०.७३ वॉट आहे आणि आयसीचा स्वतःचा खर्च वेगळाच. म्हणून लोड असताना २ मेगाहर्ट्झच्या वर हिला ताणू नये.

मोजताना प्रोब १०एक्सवर ठेवा आणि लांब ग्राउंड क्लिपऐवजी टोकाशी बसणारी स्प्रिंग वापरा. कडांवर दिसणारं निम्मं रिंगिंग अनेकदा त्या क्लिपचंच असतं.

१० मेगाहर्ट्झला ५ व्होल्ट पुरत असतील तर ही आयसी सोडा आणि ७४एसीटी०४ ही लॉजिक गेटची आयसी घ्या. तिचे तीन गेट समांतर, प्रत्येकाच्या आउटपुटला वेगळा रेझिस्टर. ७४एचसी०४ घेऊ नका: ५ व्होल्ट सप्लायवर तिला ३.५ व्होल्टचं इनपुट लागतं, आणि ३.३ व्होल्टची पिन तिथे कधी चालते, कधी नाही.