शेष आणि कुंडलिनी : नागाची दोन रूपे
शेष आणि कुंडलिनी ही दोन्ही नागाचीच रूपे असली, तरी शेष विश्वाचा भार पेलणारा आहे आणि कुंडलिनी ही योगशास्त्राने मानलेली शक्ती देहात निजलेली आहे. शेषाचे मोठेपण त्याच्या अढळपणात आहे. विष्णू त्याच्यावर शयन करतो, पृथ्वी त्याच्या फणांवर टेकलेली आहे, म्हणून तो हलला तर सारेच डळमळेल. भाद्रपद शुद्ध चतुर्दशीला आपल्याकडे अनंताच्या पूजेत दर्भाचा सात फणांचा शेष करून मांडतात आणि चौदा गाठींचा दोरा पूजतात, त्यामागेही हीच आधाराची भावना आहे.

कुंडलिनीचे नेमके उलट आहे. ती मूलाधारात, म्हणजे पाठीच्या कण्याच्या तळाशी मानलेल्या चक्रात, साडेतीन वेटोळी घालून निजलेली असते, आणि तिने जागे होऊन सुषुम्ना या कण्यातून जाणाऱ्या मधल्या नाडीतून वर चढावे यासाठीच योग्याचा सारा खटाटोप असतो. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात ती कुंकवाने न्हालेल्या, वळसे घेऊन निजलेल्या नागिणीच्या पिलासारखी दिसते. १२९० साली मराठीत उमटलेले हे चित्र मला आजही सर्वांत जिवंत वाटते, कारण त्यात भीतीपेक्षा कोवळीक अधिक आहे.

तरीही या दोघांना परस्परविरोधी मानणे मला पटत नाही. हठयोगप्रदीपिका या हठयोगावरच्या संस्कृत ग्रंथाच्या तिसऱ्या उपदेशाचा, म्हणजे प्रकरणाचा, आरंभच असा आहे, की पर्वत-वनांसह पृथ्वीला जसा नागराज, म्हणजे शेष, आधार, तशी सर्व योगतंत्रांना कुंडलिनी आधार आहे. शिवाय, योगसूत्रकार पतंजलींना परंपरा शेषाचाच अवतार मानते.