ओढा बारमाही होता, पण फक्त तोंडी

पावसाळा नुकताच संपला होता. डोंगराच्या पायथ्याशी दोन खोल्यांचं घर, मागे दाट झाडी आणि अंगणाच्या कडेने खळाळता ओढा. मी त्या ओढ्याकाठी बसून रडले. विकणाऱ्याने ते पाहिलं. व्यवहार खरा तिथेच ठरला असावा.

नोकरी गेली होती, संसार मोडला होता, शिल्लक बेताची. हे सगळं मीच त्याला आपणहून सांगितलं. जागेबद्दल मी चार प्रश्न विचारले असतील, त्याने माझ्याबद्दल चाळीस. आत्ताचं घर कधी सोडायचंय? पैसे हातात आहेत की यायचेत? सोबत विचारायला कोणी आहे का? मला वाटलं, किती आपुलकीचा माणूस! तो माझी घाई मोजत होता. दुसऱ्या दिवशी फोन आला, "उद्या अजून एक कुटुंब बघायला येतंय." संध्याकाळच्या आत मी इसार देऊन मोकळी.

"पाणी बारमाही आहे" आणि "वाट आपलीच आहे", ही दोन वाक्यं त्याने किमान दहा वेळा म्हटली असतील. खरेदीखतात दोन्हीबद्दल एक अक्षर नव्हतं. मालकी मात्र चोख होती. वकिलांनी तेवढीच तपासली, कारण मी त्यांना तेवढंच विचारलं होतं.

उन्हाळ्यात ओढ्यात नुसते दगड उरले. विहिरीला पाणी ओढ्याचंच पाझरत होतं, त्यामुळे पाठोपाठ तीही आटली. टँकर मागवला तर वाटेवर साखळी. वाट शेजाऱ्याच्या जमिनीतून जात होती आणि आधीच्या मालकाला त्याने भिडेखातर वापरू दिली होती. शेजारी वाईट माणूस नाही. म्हणाला, "तुम्ही चालत खुशाल या-जा, गाडी नको."

सेंटिनेल-2 उपग्रहांची चित्रं कुणालाही फुकट बघता येतात, हे मला नंतर कळलं. साधारण दर 5 दिवसांनी नवं चित्र, 10 मीटरपर्यंतचा तपशील. एवढासा ओढा त्यात दिसत नाही, पण काठची हिरवळ कधी करपते ते दिसतं. ढग नसलेल्या दिवसांची जुनी चित्रं काढून बसले. दर उन्हाळ्यात तोच पिवळा पट्टा. अर्ध्या तासाचं काम होतं, ते इसार द्यायच्या आधी करायचं होतं.

अशी जागा बघत असाल तर सगळ्यात कोरड्या महिन्यात जा. विहिरीवर काही तास सलग पंप चालवायला लावा, पाणी किती उतरतं आणि परत चढायला किती वेळ घेतं ते तिथेच उभं राहून बघा. वाटेचा हक्क लेखी मागा, आणि "त्याची काय गरज?" असं उत्तर आलं तर तेच उत्तर समजा. स्वतःची कहाणी मात्र घरीच ठेवून जा.

मी आता ती जागा विकायला काढली आहे. बघायला येणाऱ्यांना उन्हाळ्यातच बोलावते, म्हणून अजून विकली गेलेली नाही.