चौदा महिने, दोन इंजिनं: 96 ची जुनी डीआय आणि नवी बीएस सिक्स डिझेल, गुहागरच्या सड्यावर

नवी गाडी घेऊन चौदा महिने झाले, मीटर 19,200 च्या वर गेलाय. गेल्या वर्षीची शेवटची आंबा काढणी, मग अख्खा पावसाळा, यंदाचा पूर्ण सीझन आणि आता परत पाऊस, एवढं सगळं तिने बघितलं म्हणून आता लिहायला बसलोय. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसती तारीफ लिहिली असती आणि ऑगस्टात लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या.

आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून जेमतेम अर्धा किलोमीटर, आणि आंब्याची कलमं वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावर. मधे चार किलोमीटरची घाटी, त्यातली शेवटची दीड जांभ्याची नुसती पाणंद, पावसात शेवाळ धरते आणि एका ठिकाणी पऱ्या (छोटा ओढा) आडवा जातो. बाबांनी घेतलेली 1996 ची डीआय इंजिनची (डिझेल थेट सिलिंडरमध्ये मारणारं, जुन्या पद्धतीचं) फोर बाय फोर अजून चालू आहे, तिच्या जोडीला ही नवी, बीएस सिक्स (धुराच्या नव्या सरकारी नियमांची) डिझेल, ती पण फोर बाय फोर. दोन्हीच्या कंपनीची नावं मुद्दाम लिहीत नाही, कारण मी जे सांगणार आहे ते एका कंपनीचं नाही, त्या त्या काळातल्या सगळ्याच डिझेल इंजिनांचं आहे.

आधी फरक काय तो समजून घ्या. जुन्या डीआय मध्ये पंप मेकॅनिकल, नोझल साधारण 200-250 बारच्या प्रेशरला उघडतो, आणि एकदा इंजिन चालू झालं की त्याला करंट जवळजवळ लागतच नाही. आमच्या गाडीला बंद करायची पण केबल आहे, ओढली की बंद. नवीन कॉमन रेल मध्ये (सगळ्या सिलिंडरना एकाच जाड पाइपातून दाबाखाली डिझेल) 1600 ते 2000 बार प्रेशर, प्रत्येक स्ट्रोकला डिझेल किती आणि कधी मारायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, आणि तो ठरवतो सेन्सरच्या सांगण्यावरून. म्हणून छोट्या इंजिनातून जास्त ताकद निघते. थारचेच आकडे बघा, 2010 च्या थारचं सीआरडीई इंजिन (तेही कॉमन रेलच, पण आधीच्या पिढीचं) 2498 सीसी, 105 हॉर्सपॉवर आणि 247 न्यूटन मीटर टॉर्क, 2020 च्या नव्या थारचं डिझेल 2184 सीसी आणि तरी 130 हॉर्सपॉवर, 300 टॉर्क. त्याच्याही मागे गेलात तर एमएम 540 मध्ये प्युजोचं 2112 सीसी इंजिन होतं, ताकद 62 हॉर्सपॉवरच्या आसपास, आणि त्यावर आमच्याकडच्या लोकांनी घरं बांधायचे चिरे वाहिलेत.

आता हिशोब. मी वहीत लिहून ठेवतो, बाबांची सवय. चौदा महिन्यात जुनी गाडी सहा वेळा रस्त्यात उभी राहिली. दोनदा डिझेलचा रबरी पाइप चिरून एअर धरली, एकदा सेल्फ गेला, एकदा अल्टरनेटरचे ब्रश, एकदा कुंभार्ली घाटात लोड असताना रेडिएटरचा खालचा होज फुटला, आणि मार्चमध्ये हेड गॅस्केट उडालं. नवी गाडी पूर्ण बंद पडली एकदाच. दोनदा लिम्प मोडला गेली, म्हणजे गाडी चालते पण रेस घेत नाही, चाळीसच्या वर जात नाही.

सहा विरुद्ध एक. कागदावर विषय इथेच संपतो.

पण त्या सहापैकी चार वेळा मी गाडी जागेवर दुरुस्त करून घरी आणली, त्यात माझं काही मोठं कौशल्य नाही, पाइपचा चिरलेला तुकडा कापायचा, क्लिप परत आवळायची, फिल्टरवरचा हातपंप मारत नट सैल करून बुडबुडे जाईपर्यंत एअर काढायची, वीस मिनिटं. सेल्फ गेला तेव्हा उतारावर होतो, दुसऱ्या गिअरला सोडली, चालू झाली, पुढचे तीन दिवस उतारावरच पार्क करत होतो. होज फुटला तेव्हा मात्र टोचन करून खाली शिरगावला आणावी लागली आणि गॅस्केटच्या वेळी गाडी तीन दिवस शृंगारतळीला मिस्त्री काकांकडे, हेड फेसिंगला चिपळूणला पाठवलं. सगळं मिळून चौदा महिन्यात साडेएकवीस हजार.

नवी जी एकदा बंद पडली ती वर बागेत, जुलैच्या पावसात, संध्याकाळी सहाला. सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही. बॉनेट उघडून मी काय बघणार? टॉर्च घेऊन उभा राहिलो, कपलर दाबून बघितले, बॅटरीचं टर्मिनल काढून परत लावलं, आणि शेवटी राखणदाराच्या खोपीत गाडीची चावी ठेवून चालत खाली आलो. दुसऱ्या दिवशी जुन्या गाडीने तिला ओढून डांबरीपर्यंत आणली, तिथून फ्लॅटबेडवर घालून सर्व्हिस सेंटरला. अकरा दिवस. कारण काय निघालं तर उंदरांनी इंजिनावरच्या वायरिंगमधल्या दोन वायरी कुरतडल्या होत्या, इंजिन फिरतंय हे सांगणाऱ्या क्रँक सेन्सरची लाइन तुटली, आणि तो सेन्सर नाही म्हटल्यावर कॉम्प्युटर डिझेल सोडतच नाही. इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, चौदा महिन्यात नव्या गाडीचं इंजिन म्हणजे पिस्टन, बेअरिंग, हेड, टर्बो यातलं काहीही बिघडलं नाही, जे बिघडलं ते सगळं त्याच्या भोवती गुंडाळलेलं. वायर, सेन्सर, फिल्टर. जुन्याला भोवती असलं इलेक्ट्रॉनिक गुंडाळलेलं काही नाहीच, तिथे पाइप, होज, गॅस्केट असलं साधंच बिघडतं.

आता डीपीएफ, ज्याच्याबद्दल घेताना कोणी धड सांगत नाही. 1 एप्रिल 2020 पासून बीएस सिक्स सगळीकडे आलं, आणि त्याबरोबर डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या लाइनमध्ये काजळी अडवणारा फिल्टर आला, तोच डीपीएफ. तो भरला की गाडी स्वतःच तो साधारण 600 डिग्रीपर्यंत तापवून काजळी जाळते, त्याला रीजनरेशन म्हणतात. पण तेवढं तापायला गाडी एका लयीत साठ-सत्तरला पंधरा-वीस मिनिटं पळायला लागते. आमची पळते कुठे? घर ते बाग चार किलोमीटर, पहिला-दुसरा गिअर, वर इंजिन बंद, तासाने परत खाली. मे महिन्यात धोपाव्याला फेरीबोटीच्या लाइनीत एसी चालू ठेवून चाळीस मिनिटं इंजिन नुसतं घुरघुरत, त्यातही काजळीच साठते. मग जळायला सुरू होतं आणि आपण घरी पोचून चावी फिरवतो, अर्धवट राहतं, परत सुरू होतं परत अर्धवट, पाचव्या महिन्यात दिवा लागला आणि गाडी लिम्प मोडला गेली.

आणि खरा घोळ दिव्याचा नाही, ऑईलचा आहे. काजळी जाळण्यासाठी बऱ्याच इंजिनात डिझेल उशिरा मारतात, त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑईलमध्ये उतरतं. दर वेळी अर्धवट राहिलं की थोडं थोडं साठत जातं. मी एकदा सहज ऑईलची पट्टी काढून बघितली तर लेव्हल वरच्या खुणेच्याही वर. जुन्या गाडीचं ऑईल कमी होतं म्हणून मी घाबरायचो, इथे वाढलं होतं, आणि वासाला चक्क डिझेल. पातळ झालेलं ऑईल बेअरिंगला आणि टर्बोला काय करेल ते सांगायला नको. तेव्हापासून मी ऑईल कंपनीने सांगितलेल्या निम्म्या किलोमीटरला बदलतो, लो-अ‍ॅशवालंच (जळल्यावर कमी राख करणारं) घालतो, आणि दर शनिवारी काम असो नसो शृंगारतळी, मार्गताम्हाणे करत चिपळूण गाठतो, गिअर एक खालचा ठेवून, मधे थांबायचं नाही. गेले सात महिने दिवा लागलेला नाही. दुसरा लिम्प मोड त्याच्या आधीचा, तो मात्र खारट हवेचा, एका प्रेशर सेन्सरच्या कपलरमध्ये हिरवी बुरशी चढली होती. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पिना साफ केल्या, ग्रीस लावलं, संपलं. आता दर दिवाळीला आणि मृगाच्या आधी सगळे कपलर उघडून हेच करणार आहे. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी हे कराच.

नवीचं चांगलं पण मनापासून लिहितो. कुंभार्लीत पाच माणसं आणि मागे आंब्याचे क्रेट भरून तिसऱ्या गिअरला जी शांतपणे चढते, टेंपरेचरचा काटा हलत नाही. जुनीने हाच घाट चढायचा म्हणजे दोनदा थांबून बॉनेट उघडून श्वास घेऊ द्यायचा. सकाळी पहिल्या सेल्फला चालू, धूर नाही. आई आता जुनीत बसायला तयारच नाही, कंबर धरते म्हणते, आणि ते बरोबर आहे.

पाण्याचं सांगतो. पऱ्याला पाणी असतं तेव्हा जुनीचा फॅन बेल्ट काढून, पुढे ताडपत्रीचा तुकडा बांधून हळू काढतो, इलेक्ट्रिकचं भिजलं तरी इंजिनाला फरक पडत नाही. पण हवेच्या पाइपातून पाणी आत ओढलं तर कनेक्टिंग रॉड जुन्याचाही वाकतो आणि नव्याचाही, पाणी दाबलं जात नाही, तिथे जुनं-नवं काही नाही. 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूणला आमच्या मावसभावाकडे एक जुनी डीआय आणि एक तीन वर्षांची डिझेल गाडी, दोन्ही छतापर्यंत बुडाल्या. जुनीचे नोझल काढून इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढलं, टाकी धुतली, तीनदा ऑईल बदललं, दहाव्या दिवशी त्याच गाडीतून त्याने गाळ वाहिला. नवीला इन्शुरन्सवाल्यांनी टोटल लॉस केलं.

मिस्त्री काकांना मी विचारलं होतं की खरं सांगा यातली भरवशाची कुठली. ते म्हणाले, "अरे बाळा, जुनी रोज बोलते, ऐकायला शिक. नवी बोलत नाही, तिला विचारायला मशीन लागतं." मग मी स्कॅनर घेतला, साडेतीन हजाराचा, मोबाइलला जोडायचा. फिल्टर किती भरलाय ते टक्क्यात दिसतं आणि लिम्प मोडला गेली तर कुठल्या सेन्सरची तक्रार आहे ते निदान कळतं. नवी डिझेल घेऊन गावात राहणार असाल तर सीट कव्हरच्या आधी हा घ्या.

तुमचं रोजचं जाणं-येणं पाच-सात किलोमीटरचं असेल आणि आठवड्यातून एकदाही हायवे लागत नसेल तर माझं स्पष्ट मत, नवी डिझेल घेऊच नका, पेट्रोल बघा. जिम्नीत 1462 सीसीचं साधं पेट्रोल इंजिन आहे, टर्बो नाही, डिझेलवाला डीपीएफ नाही, आणि जिप्सी वापरलेल्या आमच्याकडच्या दोन-तीन जणांनी तीच घेतली. लोड ओढायचा असेल तर मात्र ती पुरणार नाही. आणि जुनी असेल तर मोडीत देऊ नका. पंधरा वर्षांनंतर रीपासिंग, पर्यावरण कर, सगळं भरायला लागतं, आम्हीही भरतो, खोपीत उभी करून गंजू देण्यापेक्षा ते परवडतं.

सोमवारी खताची राहिलेली अठरा पोती वर न्यायची आहेत, पऱ्याला पाणी आहे, ती जुनीतून जातील. शनिवारी आईचे डोळे दाखवायला चिपळूणला जायचंय, ती नवीतून. फिल्टर आज सकाळी 61 टक्के दाखवत होता.